बागिनाची वही

१

गुरुवारी सकाळी श्रीवत्सनं म्हैसूरच्या मराठी मंडळाचं लोखंडी कपाट उघडलं तेव्हा वही जागेवर नव्हती. ज्यात ती गुंडाळून ठेवली होती ते तांबडं फडकं तेवढं होतं, नीट चौघडी घातलेलं. शेजारी स्वातंत्र्यसैनिक भुजंगरावांचा ताम्रपट, त्यांचा चष्मा, जुने फोटो, प्रदर्शनासाठी छापून आलेले फलक, सगळं जसंच्या तसं होतं. कुलूप शाबूत होतं आणि किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होती. प्रदर्शन रविवारी होतं.

आभा देवस्थळीला ही बातमी डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर कळली. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्याचे तीन दिवस ती त्या बाकावर काढत असे. आत नवऱ्याच्या, उदयच्या, हातात सुया खुपसलेल्या असत आणि बाहेर ती चार तास भिंतीकडे बघत असे. तीन वर्षं हे चाललं होतं. त्याआधी महाराष्ट्रात असताना बावीस वर्षं तिनं सरकारी प्रयोगशाळेत खोट्या सह्या, बदललेली मृत्युपत्रं आणि जुनी मोडी कागदपत्रं तपासली होती. उदयच्या नोकरीमुळे दोघं म्हैसूरला आली आणि इथलीच झाली. आता ती घरी बसून लोकांची फाटकी पोथ्या-पुस्तकं दुरुस्त करून देई, तेही अंगात त्राण असेल तेव्हा.

अनुषा धावतच आली आणि बाकाच्या टोकाला बसली. ही सत्तावीस वर्षांची मुलगी इथल्याच जुन्या मराठी घरातली. मराठी घरात बोलायची तेवढीच, बाकी सगळं कन्नड आणि इंग्रजी. म्हैसूर संस्थानातल्या बायकांचा स्वातंत्र्यचळवळीतला भाग या विषयावर ती पीएचडी करत होती आणि ती वही तिनंच शोधून काढली होती.

वही होती सरोजिनीबाईंची, म्हणजे भुजंगरावांच्या पत्नीची. सत्तेचाळीसचा सप्टेंबर. दिल्लीत झेंडा फडकला होता, पण म्हैसूर संस्थानात लोकांचं सरकार अजून आलं नव्हतं आणि त्यासाठी ‘म्हैसूर चलो’ची चळवळ पेटली होती. बंदी असलेली पत्रकं गावोगाव पोचवली भुजंगरावांनी, असं मंडळात सगळ्यांना पाठ होतं. त्याबद्दल त्यांना ताम्रपट मिळाला होता, आणि रविवारी मंडळाच्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं होतं. वही मात्र वेगळं सांगत होती. भुजंगराव त्या महिन्यात एका मित्राच्या घरी लपून होते. पत्रकं पोचवली बायकांनी, गौरीच्या बागिनातून. सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण, धान्य ठेवायचं, वर दुसरं सूप उपडं घालायचं आणि पदराखाली धरून सवाष्णीला द्यायला जायचं, ते बागिन. सवाष्णीच्या सुपाला पोलीस हात लावत नव्हते. कोणी कुठे किती पत्रकं नेली याची यादी सरोजिनीबाईंनी मोडीत लिहून ठेवली होती. अनुषानं पाठवलेल्या फोटोंवरून ती वाचून दिली होती आभानंच.

फक्त शेवटची काही पानं एकमेकांना चिकटलेली होती. ती सोडवायला आभा शुक्रवारी मंडळात जाणार होती.

“आंटी, कमिटीला वाटतं मीच लपवली,” अनुषा म्हणाली. “किंवा वही कधी नव्हतीच. फोटो मी तयार केले असं एक जण म्हणाला.”

तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच आभाला जास्त लागलं.

२

उदयला घरी सोडून, त्याला मऊ भात भरवून, आभा दुपारी लक्ष्मीपुरमला मंडळात गेली. मंडळ म्हणजे एक सभागृह आणि त्याला लागून अरुंद कचेरी. कचेरीत एक टेबल, दोन खुर्च्या, कपाट. सभागृहात रविवारचा कापडी फलक गुंडाळून ठेवला होता. त्यावर भुजंगरावांचा फोटो होता, आणखी कोणाचा नव्हता.

श्रीवत्स मंडळाचा सचिव, पंचावन्नचा. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून वीस वर्षं हे काम करत होता आणि थकलेला दिसत होता. पोलीस बेडा, मॅडम, तो पहिल्याप्रथम म्हणाला. पोलीस नकोत, मंडळाचं नाव जाईल. मग त्यानं बुधवारचा दिवस सांगितला. दुपारी तीन वाजता त्यानं स्वतः कपाट उघडून वही पाहिली होती, फलकावरची तारीख पडताळायला. चार ते सहा सभागृहात बायकांचं भजन होतं, दर बुधवारी असतं. तो कचेरीतच होता. मध्ये दहा-पंधरा मिनिटं फलकवाला आला म्हणून दारापर्यंत गेला होता. सहा वाजता भजन संपलं आणि त्यानं मंडळ बंद केलं. रात्री बाहेरचं दार कोणी उघडलेलं नव्हतं.

कचेरीत त्या वेळात कोण आलं होतं, असं आभानं विचारलं.

“कोणी नाही.”

अनुषा?

अनुषा दोनला येऊन गेली होती. तिनं सगळ्यांना सांगितलं की शुक्रवारी शेवटची पानं उघडणार. त्यानंही ते कमिटीला सांगितलं होतं, वादिराजरावांना फोन करून सांगितलं होतं.

तुम्हाला ही वही नकोच होती ना, असं आभानं सरळ विचारलं. श्रीवत्स रागावला नाही. नको होती, तो म्हणाला. निमंत्रणं गेली होती, सभागृहाचं नाव ठरलं होतं. पण वही बाजूला सारणं त्याला कमिटीत हात वर करूनही जमलं असतं. बायकांचा फलक मागे, जेवणाची पानं मांडतात तिकडे, लावायचा असं जवळजवळ ठरलंच होतं. चोरी कशाला करायची?

ते खरं होतं. आभा उठली. तेव्हा त्यानं टेबलाच्या खणातून एक टाइप केलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. अनुषाच्या मार्गदर्शकांना लिहिलेलं पत्र होतं. संशोधिकेनं सादर केलेली वही अस्सल असल्याची मंडळाला खात्री नाही, असं त्यात होतं.

“शनिवारी संध्याकाळपर्यंत वही आली नाही तर हे जाणार. माझ्या हातात नाही.”

३

भुजंगरावांचा मुलगा वादिराज कुवेंपुनगरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. एकोणऐंशी वर्षांचा, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. आभा पोचली तेव्हा तो सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून कोणाशी तरी फोनवर भांडत होता. फोन ठेवल्यावरही बराच वेळ त्याचा श्वास लागलेला होता.

वहीवरून अनुषाशी आपलं वाजलं होतं हे त्यानं लपवलं नाही. वडिलांनी काहीच केलं नाही असं दाखवणारा फलक त्याला नको होता. पण वही तिच्या हातात त्यानंच ठेवली होती. आईच्या ट्रंकेत ती पन्नास वर्षं पडून होती. त्याला मोडी येत नव्हती, म्हणून कधी उघडून बसला नव्हता.

“लपवायची असती तर दिलीच कशाला असती?” तो म्हणाला. “ट्रंक रद्दीत गेली असती, कोणाला कळलं असतं?”

आभानं पिशवीतून फोटोंच्या प्रती काढल्या. यादीतली नावं तिनं एकेक करून वाचली आणि वादिराज ती ओळखत गेला. ही अग्रहारातली, ही वकिलांची बायको, ही वरलक्ष्मी, म्हणजे धाकटी काकू, तेव्हा पंधरा वर्षांची होती, आता या सगळ्यांतली तीच एक उरली आहे. नवव्या पानावर एक नाव एकदाच आलं होतं. तुंगा. पुढे हुणसूर, पुढे तीस.

ही कोण?

आमच्याकडे स्वयंपाकाला होती, वादिराज म्हणाला. तो तेव्हा दोन वर्षांचा; त्याला तिला पाहिल्याचं आठवत नव्हतं, पण आई सांगायची. बालविधवा. केशवपन केलेलं, लाल आलवण नेसायची. पुढे काशीला गेली आणि तिकडेच वारली.

आभानं कागद खाली ठेवला.

“वादिराजराव, हे बागिनाचं पान आहे. गौरीचं बागिन. सत्तेचाळीस साली, तुमच्या घरात, विधवेच्या हातात बागिन दिलं असतं?”

 वादिराजनं चष्मा काढला, पुसला आणि परत न घालता हातातच धरून ठेवला. मग हळूच म्हणाला, “ती काशीला गेली असं आईच सांगायची. बाबा तिचं नाव निघालं की उठून जायचे.”

४

शुक्रवारी सकाळी आभा सरस्वतीपुरमला गेली. वरलक्ष्मी तिथे नात पावनीकडे राहत होती. ब्याण्णव वर्षांची, लहान चणीची, पाठ वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदूची साय; पण ऐकू नीट येत होतं आणि बोलणं स्पष्ट होतं. पावनी कामावर निघाली होती. तिनं आभाला कॉफी दिली, आजी कालपासून जेवली नाही असं कुजबुजत सांगितलं आणि गेली.

बा मा, ये, बस, म्हातारी म्हणाली. वही हरवल्याचं तिला माहीत होतं. वादिराजनं फोन केला होता.

आभानं तिला त्या दिवसांबद्दल विचारलं आणि वरलक्ष्मी आनंदानं बोलू लागली. थोरल्या जावेनं, म्हणजे सरोजिनीबाईंनी, कसं एकेका बाईला समजावलं. पत्रकं धान्याखाली कशी पसरायची, वरून खण कसा ठेवायचा. एका शिपायानं एकदा रस्ता अडवला तर थोरलीनं त्यालाच विचारलं, तुझ्या घरी गौर बसली नाही का रे, आणि तो बाजूला झाला. सगळ्या जणी हसत होत्या म्हणे, भीती वाटायची पण हसू जास्त यायचं. पुढे सरकार आलं, पुरुष घरी आले, हारतुरे झाले. बायका परत चुलीपुढे बसल्या. कोणी विचारलं नाही, आणि आपण काही केलं असं त्यांनाही वाटलं नाही.

तुंगाबाईबद्दल आभानं विचारलं तेव्हा बोलणं थांबलं.

“काशीला गेली ती,” वरलक्ष्मी म्हणाली.

ती यादीत कशी, असं विचारल्यावर तिनं मान हलवली. आठवत नाही. वय झालं. मग बराच वेळ पदराचं टोक चुरगळत राहिली आणि आपणहून म्हणाली, “एवढ्याशा चार पानांसाठी केवढं हे. काय असणार त्यात? लोणच्याचं माप असेल. आता कशाला मत्ते, परत उकरायचं सगळं?”

आभानं कॉफी संपवली. तिला उदयच्या औषधांची वेळ सांभाळायची होती. ती उठली, म्हातारीच्या पाया पडली आणि खाली रस्त्यावर येऊन रिक्षाची वाट बघत उभी राहिली. रिक्षा आली, थांबली, चालकानं कुठे जायचं विचारलं. आभाला तो प्रश्न दोनदा ऐकू आला नाही.

५

शनिवारी सकाळी ती पुन्हा बाकावर होती. तिथूनच तिनं दोन फोन केले.

पहिला अनुषाला. शेवटची किती पानं चिकटली होती? अनुषा म्हणाली, गोत्तिल्ला आंटी, कळणारच नाही. पुठ्ठ्यासारखा जाड एकच तुकडा झाला होता. तीन असतील, सहा असतील. कोणाला आकडा सांगितला होता? नाही, ‘शेवटची पानं’ एवढंच सगळीकडे सांगितलं होतं.

आभानं त्या तुकड्याचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. ओलीनं चिकटलेली पानं वेडीवाकडी चिकटतात, कुठे डाग पडतात, कुठे फुगतात. ही तीन कडांनी सरळ चिकटली होती, आणि कसर फक्त त्या कडांनाच लागली होती. कसर लागते ती पिठाच्या खळीला. म्हणजे ही पानं कोणी तरी मुद्दाम, बेतानं चिकटवली होती. लपवायची होती, पण फाडवत नव्हती. आणि बुधवारी वही नेणाराही तसाच होता. फडक्याची घडी घालून गेला होता.

मग बाकीचं एकेक करून जागेवर बसलं. वहीतली उघडी पानं फोटोंत आलीच होती, ती नेऊन कोणाचंच काही लपणार नव्हतं. नेणाऱ्याला हवी होती फक्त चिकटलेली पानं, ती उघडण्याआधी. श्रीवत्सला, वादिराजला, अनुषाला त्यांत काय आहे हे माहीत असण्याचा संभवच नव्हता. तिघांनाही मोडी येत नव्हती. त्या यादीतल्या बायकांपैकी एकच आज जिवंत होती, आणि पानं चार आहेत हे काल तिच्याच तोंडून निघालं होतं.

राहिला प्रश्न किल्लीचा. दुसरा फोन तिनं श्रीवत्सला केला. बुधवारी भजन चाललं असताना कचेरीतल्या दुसऱ्या खुर्चीत कोण बसलं होतं?

“खुर्चीत? कोणी नाही,” तो म्हणाला. मग क्षणभर थांबला. “म्हणजे, वरलक्ष्मीआजी. त्यांना खाली बसवत नाही ना, दर बुधवारी कचेरीतूनच भजन ऐकतात. पोथीची पिशवी घेऊन.”

तुम्ही फलकवाल्याकडे गेलात तेव्हाही?

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मॅडम,” तो शेवटी म्हणाला, “मी त्यांना मोजलंच नाही हो.”

६

दुपारी उदय झोपल्यावर आभा सरस्वतीपुरमला गेली. शनिवारची सुट्टी असल्यामुळे पावनी घरी होती. तिला आभानं आतच थांबायला सांगितलं. वरलक्ष्मी खिडकीशी बसली होती. आभा समोर बसली आणि तिनं कसलाही आरोप केला नाही. पानं चार आहेत हे तुम्हाला कसं कळलं, एवढंच विचारलं.

म्हातारीनं तोंड खिडकीकडे वळवलं. रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली.

मग आभानं तिला अनुषाबद्दल सांगितलं. पत्राबद्दल सांगितलं, ते आज संध्याकाळी जाणार आहे हेही सांगितलं. त्या मुलीची चार वर्षांची मेहनत जाईल, आणि खोटारडी म्हणून तिचं नाव होईल ते वेगळं. वरलक्ष्मीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं, वही हरवली, शोधतील, विसरतील.

“तिच्यावर आलं?” तिनं दोनदा विचारलं.

मग ती हळूहळू उठली, भिंतीला धरत देवघरापर्यंत गेली आणि पोथ्यांच्या पिशवीतून वही काढून आणली. ती आभाच्या मांडीवर ठेवून म्हणाली, “सोडव. मला दिसत नाही, तू वाच. पण काय लिहिलंय ते मी आधीच सांगते.”

गौरीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट होती. हुणसूरला तीस पत्रकं पोचवायची होती आणि पाळी वरलक्ष्मीची होती. नवी सून, अंगावर हळद अजून पिवळी, कोणाला संशय येणार नाही असं थोरलीनं ठरवलं होतं. सूप भरून तयार होतं. पण सकाळी वरलक्ष्मी उंबऱ्यावरच बसून राहिली. पायच उचलेना. रडली, पोटात दुखतं म्हणाली. बसची वेळ होत आली होती. तुंगा स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पुसले, सूप उचललं आणि गेली. थोरलीनं तिला हाकही मारली, तू नको, तुझ्या हातात हे दिसलं तर, पण ती फाटकाबाहेर पडली होती.

वाटेत एका नाक्यावर बस थांबवली. शिपाई बघून पुढे गेला आणि परत आला. लाल आलवण, बोडकं डोकं, आणि हातात सवाष्णीचं बागिन.

“माझ्या हातात असतं तर त्यानं बघितलं पण नसतं,” वरलक्ष्मी म्हणाली.

आभानं ओला टीपकागद कडांवर ठेवला, वर काच ठेवली आणि खळ मऊ होण्याची वाट बघत बसली. या कामात घाई करता येत नाही. मधल्या वेळात तिनं श्रीवत्सला फोन करून वही मिळाल्याचं सांगितलं आणि वादिराजला व अनुषाला बोलावून घेतलं. दोन तासांनी पहिली कड सुटली, मग दुसरी. चार पानं होती.

तिनं वाचायला सुरुवात केली तेव्हा सगळे जमलेले होते. सरोजिनीबाईंचं अक्षर तिथे बारीक आणि भरभर झालं होतं.

तुंगेला धरल्याची बातमी तिसऱ्या दिवशी कळली. तिला मारलं असं बसवाल्यानं सांगितलं. तिनं कोणाचं नाव घेतलं नाही. सूप देवळाच्या पायरीवर सापडलं म्हणाली. सोळाव्या दिवशी कोठडीत तापानं गेली. पुढे लिहिलं होतं: ‘प्रेत मागायला कोणी गेल्यास सर्व धरले जातील, असे यजमानांचे निरोपावरून मत पडले. तेव्हा कोणी गेले नाही. मीही गेले नाही. लोकांस काशीस गेली म्हणून सांगावे असे ठरले. विधवेच्या हाती बागिन दिले हे कळल्यास गावात तोंड दाखवता येणार नाही हेही मनात होते. खोटे का लिहू.’

वादिराज उठून गॅलरीत गेला. त्याची पाठ तेवढी दिसत होती.

पानं कधी चिकटवली, असं अनुषानं विचारलं. बहात्तर साली, वरलक्ष्मी म्हणाली. ताम्रपटाच्या वेळी भुजंगराव जुने कागद काढत होते. थोरलीनं ही चार पानं फाडायला धरली आणि तिचा हात थांबला. मग तिनं खळ केली. कारण काही सांगितलं नाही, पण शेवटच्या पानावर, पाळी कोणाची होती, तेही लिहिलेलं होतं.

“माझ्यासाठी चिकटवली तिनं. मी जवळच होते. खळ मीच ढवळली.”

आणि बुधवारी वही कशाला नेली, आभानं विचारलं. फाडायची होती?

“छे.” म्हातारीनं डोळे मिटले. “मी आणखी किती राहणार? वर्ष, दोन वर्षं. माझ्यामागे उघडली असती. मी समोर असताना नको, एवढंच मागत होते.”

७

रविवारच्या फलकाचा मजकूर त्याच संध्याकाळी तिथेच बसून लिहिला. अनुषानं लॅपटॉप उघडला. तिच्या आधीच्या मसुद्यात वरलक्ष्मीचा ‘सर्वांत धाकटी सैनिक’ असा उल्लेख होता. तो म्हातारीनं काढायला लावला.

तुंगाबाईचं पूर्ण नाव काय घालायचं? कोणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याचं नाव, गाव, जन्मसाल, काहीच नाही. नरसिंहस्वामींच्या देवळाजवळची कोणाची तरी मुलगी, एवढं वरलक्ष्मीला आठवत होतं, तेही खात्रीनं नाही. वय पंचविसाच्या आसपास असेल.

“एवढीशी?” पावनी दारातून म्हणाली.

तुंगा गेली, तिनं नाव सांगितलं नाही, कोठडीत मरण पावली, असं अनुषानं लिहिलं. वरलक्ष्मीनं ते ऐकलं आणि ‘अल्ला’ म्हणून मान हलवली. असं नाही.

“आधी लिही, पाळी वरलक्ष्मीची होती. ती गेली नाही. मग तुंगाचं.”

वादिराज गॅलरीतून आत आला होता. “काकू, कशाला? तू पंधरा वर्षांची होतीस. लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे. सत्त्याहत्तर वर्षं कोणी काही म्हटलं नाही.”

 थोड्या वेळानं वादिराजनं अनुषाच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाला, प्रेत आणायला कोणी गेलं नाही, तेही घाल. कोणाच्या सांगण्यावरून, तेही. त्याचा आवाज शाळेतल्या मास्तरासारखा कोरडा होता. अनुषानं टाइप केलं आणि त्यानं वाकून शुद्धलेखन तपासलं.

रविवारी सभागृहाला भुजंगरावांचं नाव दिलं गेलं. निमंत्रणं गेली होती, ते थांबलं नाही. पाहुण्यांची भाषणं झाली, हार झाले. अनुषाबद्दलचं पत्र गेलं नाही. श्रीवत्सनं बायकांचा फलक जेवणाच्या पानांकडे न लावता आत येतानाच्या भिंतीवर लावला होता, आणि त्याबद्दल कमिटीतले दोघं त्याच्याशी बोलत नव्हते. बहुतेक लोक फलकाकडे बघून पुढे जात होते. काही जण मोबाइलवर फोटो काढत होते, वाचत मात्र नव्हते.

आभाला लवकर घरी जायचं होतं. उदयला सकाळपासून मळमळत होतं. ती चपला घालत होती, तेवढ्यात पावनीचा हात धरून वरलक्ष्मी फलकापाशी आली. तिनं बोटांनी कागद चाचपला आणि आभाला जवळ बोलावलं.

“कुठे आहे ते? वाच.”

आभानं वाचलं. “पाळी वरलक्ष्मीची होती. ती गेली नाही. तुंगाबाई गेल्या. त्यांनी कोणाचंही नाव सांगितलं नाही. त्यांचं पूर्ण नाव आम्हाला माहीत नाही.”

म्हातारी ऐकत होती. तिचा चेहरा हलला नाही. आतून ताटं मांडल्याचा आवाज येत होता आणि लोक तिकडे वळत होते. वाटेतल्या दोन बायका थांबल्या. त्यांच्यामागे आणखी कोणी तरी थांबलं.

“परत वाच,” वरलक्ष्मी म्हणाली. “जरा मोठ्यानं.”

आभानं पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.